पाणी दाराकडून

कात्रीमावशींच्या ओठांत टाचण्या असतात तोवरच त्यांच्या दुकानात शांतता असते, असं सगळी गल्ली म्हणते. आणि गल्ली उगाच काही बोलत नाही. टाचण्या धरून मावशी गिऱ्हाइकाभोवती फिरतात तेव्हा नुसतं "हं" आणि "अंहं" ऐकू येतं. टाचण्या संपल्या की जीभ सुटते. मग कोणाचं पोट सुटलं, कोणाच्या पाठीला पोक आलं, सगळं रस्त्यापर्यंत जाहीर होतं. पण शिवणीत खोट काढून दाखवा! काढायला आलेली माणसं आणखी दोन कपडे शिवायला टाकून गेली आहेत.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे बाथरूम. आणि त्या बाथरूममध्ये रोज सकाळी घराचा राजा गायचा. राजा म्हणजे मावशींचे सासरे, आप्पा. जन्मभर बस चालवली, त्यामुळे गळा इंजिनाशी झगडून तयार झालेला. मावशींचे यजमान गेले, त्यानंतर घरात आप्पा, मावशी आणि त्यांचा नोकरीवाला मुलगा अशी तीनच माणसं उरली. आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले, हातात काठी आली, तरी एक हट्ट सुटला नाही. आंघोळ आपली आपण करायची, आतून कडी लावायची आणि मनसोक्त गायचं. सूर म्हणाल तर त्याचा आणि आप्पांचा काही संबंध नव्हता. समोरच्या घरातलं तान्हं बाळ त्या वेळी डोळ्याला डोळा लावायचं नाही. पण कडीचा खटका ऐकू आला की गल्लीला बरं वाटायचं. आप्पा ठणठणीत आहेत!

जुन्या फरशा झिजून साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या, म्हणून मावशींनी खरखरीत टाइल बसवायच्या ठरवल्या. खास आप्पांसाठी. काम दिलं होईलरावांना. या कंत्राटदाराचं आईबापांनी ठेवलेलं नाव काहीही असो, त्याला काहीही विचारा, "होऊन जाईल, ताई," हे उत्तर ठरलेलं. त्यावरून बारसं गल्लीनंच केलं. माणूस मात्र कामाचा. त्याने बांधलेल्या जिन्यांची एक पायरी हललेली कोणी पाहिली नाही.

बाथरूमला दोन जाळ्या होत्या. दाराशी एक जुनी, अरुंद. खिडकीखाली एक मोठी. ढाळ कसा ठेवायचा, म्हणजे फरशीचा उतार कुठून कुठं न्यायचा, हे होईलरावांनी दुकानाच्या दारातून विचारलं. मावशी मशीनवर होत्या. पाय न थांबवता त्यांनी काय ते सांगितलं. "होऊन जाईल!" म्हणत राव आत गेले.

काम झालं. टाइल देखण्या, सांधे दोरी लावल्यासारखे सरळ. मावशी शेजारणींना बोलावून बोलावून बाथरूम दाखवत होत्या, जणू आत नवी सून बसवली आहे.

पण सकाळी आप्पांनी पहिला तांब्या अंगावर ओतला आणि सगळं पाणी दाराकडे पळालं. जुन्या जाळीला ते झेपेना. उंबऱ्याशी तळं साचलं. बाहेर पडताना आप्पांनी नेमकी तिथंच काठी टेकवली आणि ती सुळकन सरकली. चौकट हाताला लागली म्हणून निभावलं.

त्या दिवसापासून दार उघडं राहायला लागलं. नातू पाणी ओढायचा फडा घेऊन पाठमोरा दारात उभा, आत आप्पा अंग चोरून बसलेले.

"झालं का आप्पा?"

"होतंय. प्राणिसंग्रहालयात हत्तीला धुतात तसं होतंय."

एकदाच हसून झालं. कडी गेली, तिच्यामागोमाग गाणंही गेलं. हळूहळू आप्पा म्हणायला लागले, "आज राहू दे सूनबाई, अंग कसकसतंय." अंग कसकसत नाही, मान खाली जाते आहे, हे मावशींना न सांगता कळत होतं. समोरचं बाळ आता गाढ झोपायचं, आणि त्याची आई येऊन विचारायची, "आप्पांना बरं नाही का हो?"

मावशींनी होईलरावांना बोलावून घेतलं. राव आले ते पाणसळ घेऊनच. ती काचेची नळी फरशीवर ठेवली, बुडबुडा दाखवला आणि वर एक तांब्या पाणी ओतलं. पाणी तुरुतुरु दाराशी गेलं.

"बघा!" राव म्हणाले.

"बघा!" मावशी म्हणाल्या.

दोघंही जिंकल्यासारखी एकमेकांकडे बघत राहिली.

"अहो, कसं सरळ गेलं! थेंब कुठं अडला नाही."

"अडला नाही, पण गेला कुठं ते दिसतंय का? उलटा आहे ढाळ!"

"सुलटा आहे, ताई. तुम्ही सांगितलात तसाच आहे."

"मी सांगितलं? मी काय डोक्यावर पडलेय का?"

"मग काय मी पडलोय?"

पुढचं भांडण कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्यापर्यंत ऐकू गेलं. त्याने म्हणे वस्तरा खाली ठेवला. राव पाणसळ काखेत मारून जे गेले ते गेले. फोन उचलेनात. समोरून मावशी दिसल्या की त्यांना एकाएकी दुसऱ्या गल्लीत काम आठवायचं.

पण एक घोळ होता. होईलरावांचा कोट मावशींच्या दुकानात टांगलेला होता.

राव अंगाने वाढले होते आणि कोट बिचारा होता तेवढाच राहिला होता. भांडणाच्या आधीच तो ढिला करायला दिलेला. त्यांच्या लेकीचा पदवीदान समारंभ जवळ आला होता. घराण्यात पहिलीच पदवी. पहिल्या रांगेत कोट घालून बसायचं, असं राव गावभर सांगून चुकले होते.

गल्लीच्या डोक्यात हा कोट बरोबर आला. सल्ले द्यायला आपल्याकडे कोणाला पैसे पडतात?

"आधी फरशी, मग कोट!" बाळाची आई म्हणाली.

मुलगाही म्हणाला, "आई, बरोबर आहे त्यांचं. अडकवून ठेव. झक मारत येईल."

मावशींनी ओठांतल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. म्हणजे बोलणं महत्त्वाचं होतं.

"त्याच्या कोटाने माझं काय घोडं मारलंय? भांडण फरशीचं आहे. माझ्या हातचं काम मी ओलीस ठेवत नाही. उद्या ती पोर व्यासपीठावरून बापाकडे बघेल, तेव्हा कोट खांद्यावर नीट बसलेला दिसला पाहिजे."

त्यांनी निरोप पाठवला, कोट झालाय, फिटिंगला या. राव आले. दारातच घुटमळले, मान अशी खाली, की जणू फिटिंगला नाही, हद्दपारीचा हुकूम घ्यायला आलेत. मावशींनी ओठांत टाचण्या धरून कोट अंगावर चढवला, हात आडवे करायला लावले आणि दोन्ही काखांत, पाठीत, बाह्यांना टाचण्या लावून टाकल्या. हात खाली केला तर टोचणार, वळलं तर टोचणार. होईलराव बुजगावण्यासारखे उभे. आता दुसऱ्या गल्लीत काम आठवूनही उपयोग नव्हता.

शेवटची टाचणी लागली. तोंड मोकळं झालं.

"भाऊ, आता एक सांगा. आप्पा आतून कडी लावत नाहीत, ठाऊक आहे तुम्हाला?"

रावांना ठाऊक नव्हतं. मावशींनी सांगितलं. न ओरडता सांगितलं, आणि तेच त्यांना जास्त टोचलं.

"ताई, लेकीची शप्पथ," राव आडव्या हातांनीच म्हणाले, "मी मनाचं काही केलं नाही. तुम्ही इथंच, या मशीनवर बसून म्हणालात, पाणी दाराकडून जाऊ दे. तुमचे शब्द आहेत. म्हणून दाराकडच्या जाळीला ढाळ दिला."

"हो, म्हणाले! दाराकडून. म्हणजे दारापासून लांब, खिडकी..."

मावशी बोलता बोलता थांबल्या. दाराकडून. मनातल्या मनात त्यांनी शब्द उलटा करून पाहिला, अस्तर बघावं तसा. आत्ताच त्या एका गिऱ्हाइकाला म्हणाल्या होत्या, "मागच्या गल्लीकडून जा, जवळ पडेल." तिथून निघा असं नव्हतं म्हटलं, तिथून वाट काढा, असं म्हटलं होतं. शब्द तोच. दोन्ही बाजूंनी घालता येणारा!

मग त्या हसल्या. अशा हसल्या, की मुलगा आतून धावत आला.

"अरे देवा! भाऊ, शब्द माझा आणि कान तुमचा. दोघांनी मिळून आप्पांना बुडवलं की हो!"

रावही हसायला गेले आणि काखेतली टाचणी टोचून "आई गं!" करत थांबले.

"ऐका," डोळे पुसत मावशी म्हणाल्या. "असं झालं की आम्ही वाद घालत नाही, उसवतो. कापड गिऱ्हाइकाचं, शिवण शिंप्याची. टाइल मी आणते, हात तुमचे. पटतंय?"

"होऊन..." राव थांबले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ते वाक्य अर्धं सोडलं. "करतो, ताई. मी स्वतः करतो."

आणि केलं. गवंड्याला न पाठवता होईलराव जुन्या विजारीत गुडघ्यांवर बसले. थापी हातात धरून त्यांना वर्षं झाली होती, पण हात विसरला नव्हता. टाइल उखडल्या, खाली नवा माल पसरला. आप्पा स्टूल टाकून दारात बसले आणि बस मागे घेणाऱ्याला सांगावं तसे "येऊ द्या, येऊ द्या, बास!" करत राहिले. राव त्यांना एकदाही "तुम्ही आत बसा" म्हणाले नाहीत.

मात्र ढाळ द्यायच्या आधी त्यांनी मावशींना हाक मारली. "ताई, आता तोंडाने काही सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

मावशींनी कापडावर खुणा करायचा खडू आणला आणि दारापासून खिडकीपर्यंत भिंतीवर एक लांबलचक बाण काढला. टोक असं ठसठशीत, की त्यात व्याकरणाला बोट शिरवायला जागा नव्हती.

समारंभाच्या सकाळी होईलराव कोट घालून दुकानात आले. सोबत लेक होती. मावशींनी त्यांना उजेडात उभं केलं, मागून पाहिलं, पुढून पाहिलं, खांद्यावरची नसलेली सुरकुती उगाच झटकली. कोट अंगासारखा बसला होता. राव त्यात एवढे ताठ उभे होते, की पदवी त्यांनाच मिळणार आहे असं वाटावं.

"कसे दिसतात गं बाबा?" मावशींनी विचारलं.

"माझ्याकडे कोण बघणार आता?" लेक म्हणाली.

तेवढ्यात आतून कडीचा खटका आला. दुकानातलं सगळं थांबलं. तांब्या वाजला, पाणी सांडलं, आणि पाठोपाठ तो आवाज उठला. बेसूर, दणदणीत, चढणीला लागलेल्या बससारखा. समोरच्या घरात बाळाने भोकाड पसरलं. त्याची आई खिडकीत आली, कपाळाला हात लावला आणि हसली.

होईलरावांना राहवेना. कोट सावरत ते स्वयंपाकघरातून थेट बाथरूमच्या दाराशी गेले.

"आप्पा! पाणी कुठं जातंय?"

गाणं तुटलं. आतून, बंद दाराआडून, उत्तर आलं, "तुम्हाला काय करायचंय? मी आंघोळ करतोय!"

आणि गाणं पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं. मावशींनी मान जराशी वर केली, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाताने बोलावलं.