समोरच्या दारानं कोणी येत नाही

तेलंगणातल्या बोथ गावच्या बसस्टँडवरून बाजाराकडं निघालं की डाव्या हाताला रेणुकाबाईंचं घर लागतं. घराला दोन दारं. समोरचं सागवानी, पितळी कडीचं, रस्त्याकडं तोंड करून असलेलं. मागचं पत्र्याचं, स्वयंपाकघरातून थेट मळ्यात उघडणारं. मळा म्हणजे पाऊण एकर भाजी: मेथी, वांगी, चवळी आणि कडेनं कढीपत्त्याची चार झाडं. मळ्याच्या टोकाला कुंपणात एक फट आहे आणि फटीपलीकडं गल्ली. समोरचं दार सणासुदीला आणि सरकारी माणसाला. बाकी सारं गाव मागून येतं. हा नियम कोणी केला नाही, कोणी कोणाला सांगितलाही नाही. पण रेणुकाबाई लग्न होऊन या घरात आल्या त्याला सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात तो मोडलेला त्यांनी कधी पाहिला नाही.

बाईंचं वय सहासष्ट. पती सुधाकरराव जाऊन पाच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा भारत हैदराबादेत औषधांच्या कंपनीत आहे, सून पूनम तिथंच शाळेत शिकवते. बाई पहाटे पाचला उठतात, मळ्याला पाणी सोडायला येणाऱ्या धोंडीबाला चहा देतात, सात वाजता मेथीच्या जुड्या बांधतात. दहाच्या सुमाराला शेजारच्या गल्लीतली कुसुमबाई येते. तिला कधी कढीपत्ता हवा असतो, कधी काहीच नको असतं. दुपारी चारनंतर आणखी दोघीतिघी येतात. कोणी शेंगा सोलतं, कोणी सुनेची गाऱ्हाणी सांगतं. बाई फार बोलत नाहीत, पण त्यांचे हात एक क्षण रिकामे नसतात, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात बसलं की माणसाला बरं वाटतं, असं गावात म्हणतात.

या साऱ्याला धक्का लागला तो मागच्या दिवाळीत. त्याआधी पंधरा दिवस आदिलाबादेत एक म्हातारे मास्तर घरातच पाय घसरून पडले होते आणि दोन दिवस कोणाला पत्ता लागला नव्हता. मास्तर भारतच्या ओळखीचे. त्यानं ते मनाला लावून घेतलं आणि दिवाळीला येताना दोन खोकी घेऊन आला. एकात दारावर लावायची कॅमेऱ्याची घंटी होती, दुसऱ्यात बोलणारा स्पीकर, तांब्याएवढा.

घंटी लावायला अर्धा तास लागला. तिची आणि स्पीकरची गाठ घालून द्यायला मात्र अख्खा पाडवा गेला. वायफायचा डबा समोरच्या खोलीत, स्पीकर स्वयंपाकघरात, मधली भिंत दीड हात जाड. घंटीचं ॲप वेगळं, स्पीकरचं वेगळं. दोघांना एकमेकांची ओळख पटेना. भारत मोबाईल घेऊन या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारत होता आणि स्पीकर हिंदीत पुन्हापुन्हा सांगत होता की उपकरण सापडलं नाही. शेवटी वायफायचा डबा मधल्या दाराच्या चौकटीवर टांगला तेव्हा सोयरीक जमली. भारत बाहेर गेला, घंटी दाबली, आणि चुलीजवळच्या फळीवरून आवाज आला: मेन डोअर पर कोई है. कोणी घंटी न दाबता नुसतं समोर आलं तरी स्पीकर बोलेल आणि त्याच वेळी हैदराबादेत आपल्या मोबाईलवरही दिसेल, असं त्यानं समजावून सांगितलं. मुलाचा चेहरा इतका निवांत झाला होता की बाई चांगलं झालं म्हणाल्या.

तो गेला आणि त्याचा सगळा निवांतपणा त्याच्याबरोबर गेला. बाजाराचा रस्ता, शेळी आली की कोई है, ऑटो थांबला की कोई है, वाऱ्यानं तोरण हललं तरी कोई है. पहिले चार दिवस बाई दर वेळी उठल्या. पीठ मळता मळता हात धुऊन समोर जायच्या, कडी काढायच्या, रस्त्याकडं पाहायच्या, परत यायच्या. पुढं उठणं कमी केलं, पण जीव ठिकाणावर राहीना. पायाला भिंगरी बांधल्यासारखं झालं. आवाज आला तर कोण असेल, आणि बराच वेळ आला नाही तर तो का आला नाही. स्पीकर बंद करावा तर भारतचा लगेच फोन: माय, लाईन गेली का?

कार्तिक संपता संपता एका रविवारी त्याचा फोन आला, आणि या वेळी आवाज वेगळा होता. त्यानं मोबाईलवर महिन्याभराचं पाहिलं होतं. महिन्यात घंटी चार वेळा वाजली. एकदा गॅसवाला, एकदा कुरिअर, एकदा मतदार यादीची बाई आणि एकदा घर चुकलेला माणूस.

"माय, तू तर रोज सांगतेस, ही आली, ती आली," तो म्हणाला. "कोण येतं तुझ्याकडं?"

बाईंनी सांगितलं की सारे मागून येतात. त्याला ते खरं वाटेना. दहावीनंतर तो निर्मल गावच्या वसतिगृहात गेला, तिथून हैदराबादेला. लहानपणी तो घरात असला की बाया कुंपणाशीच थांबायच्या, पुरुषमाणूस आहे म्हणून, मग तो पुरुष बारा वर्षांचा का असेना. मागच्या दारातून त्यानं भाजीचे भारे जाताना पाहिले होते, माणसं येताना फारशी पाहिली नव्हती. आई आपल्याला काळजी नको म्हणून रचून सांगते, असं त्याच्या मनानं घेतलं. आठ दिवसांनी त्यानं निर्णय कळवला: संक्रांतीच्या आत तिनं हैदराबादेला यायचं, कायमचं. सातव्या मजल्यावर एक खोली तिच्यासाठी रिकामी केली आहे. मळा धोंडीबा पाहील.

बाईंना त्या दिवशी भाकरी गोड लागली नाही. गाव सुटण्याचं दुःख होतंच, पण त्याहून वेगळं काहीतरी टोचत होतं. सत्तेचाळीस वर्षांत त्यांना खोटं बोलणारी कोणी म्हटलं नव्हतं, आणि आता पोटचा मुलगा न म्हणता तेच म्हणत होता, तेही दारावरच्या एका डबीच्या शब्दावर.

त्यांनी मनाशी एक ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली: उद्यापासून समोरून या, घंटी दाबून या.

कुसुमबाई आधी हसली, मग आली. पण समोरून यायचं म्हणून ती लुगडं बदलून आली. घंटी दाबून डोक्यावर पदर ओढून ताठ उभी राहिली, जणू फोटो काढायचा आहे. बाईंनी दार उघडल्यावर ती समोरच्या खोलीत खुर्चीवर बसली. स्वयंपाकघरात चल म्हटलं तर म्हणाली, समोरून आलं की समोरच बसावं. चहा कपबशीतून द्यावा लागला. दहा मिनिटांत दोघींजवळचं बोलणं संपलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा कुसुमबाईनं "बरं, येऊ मी?" असं विचारून निरोप घेतला. धोंडीबानं चिखलाचे हात धोतराला पुसून घंटी दाबली आणि तिच्या तोंडाशी वाकून सांगितलं, "मी धोंडीबा. मळ्यातला. काम काई नाई." बाकीच्या बाया एकदोनदा आल्या, मग येईनाशा झाल्या. समोरून यायचं तर काही निमित्त हवं, हातात काही हवं, आणि रस्त्यावरून कोण पाहतंय तेही पाहायला हवं. पंधरा दिवसांत घंटी नऊ वेळा वाजली आणि घर मात्र खरोखरच ओस पडलं. बाई एकट्याच शेंगा सोलत बसायच्या आणि अर्धवट सोडून उठायच्या. चूक त्यांच्या ध्यानात आली तेव्हा त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला की बायांनो, मागूनच या.

भारतला नऊचा आकडा दिसला होता, पण तो आता वेगळंच म्हणाला. मागून येतात तर मागच्या दारालाही एक घंटी लावू, तीही स्पीकरला जोडून टाकू, म्हणजे वाद नको. बोलणं सरळ होतं. बाई हो म्हणणारच होत्या, पण म्हणाल्या नाहीत.

त्याचं कारण दीपमाला. पलीकडच्या कौशल्याबाईंची सून, तामसीकडची, बी.एड. झालेली. कौशल्याबाईंचं म्हणणं, सुनेनं नोकरी केली की घर मोडतं. पुस्तक हातात दिसलं तरी त्यांचं तोंड सुरू होई. म्हणून दीपमाला रोज दुपारी दोनला मेथी खुडायला जाते असं सांगून कुंपणाच्या फटीतून येई. तिची शिक्षक परीक्षेची पुस्तकं बाईंच्या ज्वारीच्या कणगीमागं ठेवलेली होती. तास दीड तास ती चुलीपाशी बसून तेलुगूतले उतारे पुटपुटत पाठ करी आणि बाई तोवर तिच्या वाटणीची मेथी खुडून ठेवत. या गोष्टीचा उच्चार बाईंनी कुसुमबाईपुढंही केला नव्हता. मागच्या दाराला घंटी लागली की रोज दोनला येणारी दीपमाला हैदराबादेत दिसणार. तिथून पूनमला कळणार, पूनमची मावशी याच गल्लीतली, आणि चार दिवसांत कौशल्याबाईंच्या कानावर जाणार. समोरून ये असं तिला एकटीला बाईंनी कधी सांगितलं नव्हतं. स्पीकर फळीवर बसवल्यापासून दीपमाला आधीच बिचकली होती. आली की आधी त्याच्याकडं पाही आणि आवाज खाली आणी.

बाईंनी मागच्या दाराला घंटी नको म्हणून सांगितलं. भारतनं कारण विचारलं. कारण सांगता येईना आणि दुसरं सुचेना.

"म्हणजे कोणी येतच नाही, माय," तो हळू आवाजात म्हणाला. "मी शनिवारी येतो. कपडे भरून ठेव."

ते चार दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांनाच माहीत. पेटी काढली, दोन लुगडी तीत घातली, परत काढली. मळ्यात गेल्या, खुरपं घेतलं, तिथंच टाकून आल्या. दीपमाला आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं की भारत येणार आहे, दोन दिवस येऊ नको. बाकीच्यांना तर सांगावंही लागलं नाही. शनिवारी सकाळी गाडी समोर उभी राहिली आणि गावाला कळलं की मुलगा आलाय.

शनिवारचा दिवस गेला, रविवार निम्मा गेला. मागच्या दारातून एक चिमणीही आली नाही. धोंडीबानं पाणी सोडलं तेही लांबून. भारत स्वयंपाकघरात पाटावर बसून होता.  बाई उगाच कढईखालचा गॅस लहानमोठा करत होत्या, पुसलेला ओटा पुसत होत्या. दर थोड्या वेळानं नजर पत्र्याच्या दाराकडं जाई आणि त्या ती ओढून आणत.

दुपारी जेवणं झाल्यावर तो म्हणाला, "पेटी कुठं आहे?"

बाई त्याच्यासमोर बसल्या. हात रिकामे ठेवून त्या कधी बसत नसत.

"मी येत नाई," त्या म्हणाल्या. "तुले वाटते मी एकटी आहो. मी सांगून राह्यली का नाई. माया दारात कोण येते ते तू मशिनीले काऊन विचारतोस?"

भारत म्हणाला, मग मागं घंटी लावू दे, एवढंच.

"ते नाई होत."

"काऊन नाई होत?"

"ते बी सांगता येत नाई. दुसऱ्याची गोष्ट आहे. लेकरा, मी पडली-झडली तर लोक धावतील का नाई याची तुले भीती आहे, ते मले समजते. रोज सकाळ-संध्याकाळ मी तुले सोताहून फोन करीन. नाई आला तर धोंडीबाले लाव, कुसुमले लाव, नंबर लिहून घे. पण मी बोलली ते खरं धर. नाई धरत असशील तर मले उचलून ने, पायानं तर मी येत नाई."

 भारतनं खिशातून मोबाईल काढला आणि नंबर लिहून घेतले, दोन्ही. कुसुमबाईच्या नावाचं त्यानं पुन्हा विचारून घेतलं. उन्हं कलायच्या आत निघायला हवं म्हणाला. गाडीत बसताना पाया पडला, पण चेहऱ्यावर काही कळेना. पटलं होतं की नुसतं हरला होता, ते बाईंना सांगता आलं नाही. त्या दारात उभ्या राहिल्या, गाडी हायवेच्या रस्त्याला वळली तरी उभ्याच राहिल्या.

आत येऊन चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात पत्रा वाजला. कुसुमबाई होती, मागं आणखी दोघी, आणि सगळ्यांच्या मागं दीपमाला, रिकामी टोपली घेऊन.

"गेला का वो?" कुसुमबाईनं विचारलं.

बाईंनी दोन दिवसांचं सांगितलं, मागच्या घंटीचं तेवढं सोडून. कुसुमबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "बाप्पा, मायलेकाच्या मधात आमी कशाले येऊ? आता लाव त्याले फोन. मी बोलतो. या दोघी बी बोलतील. गाडी लांब नाई गेली, परत बोलाव आन् दाखव."

बाईंनी दीपमालाकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बाकीच्यांनीही पाहिलं असतं. महिन्यापूर्वी त्यांनी हेच केलं असतं, केलंच होतं. दारोदार सांगून माणसं समोर उभी केली होती. आता नको वाटलं. आपल्या शब्दाला साक्षीदार गोळा करायचे, तर मग तो शब्द कसला? त्यांनी पाच कपांचं दूध ओतलं.

दूध वर येत होतं तेवढ्यात फोन वाजला. भारतच होता. हायवेला चहाला थांबला होता, मागं ट्रकचे आवाज येत होते. जेवणाचं काही विचारलं, थंडीचं काही बोलला, मग थांबून म्हणाला, "माय, कोणी आलं का?"

 कुसुमबाईनं फोनसाठी हात पुढं केला.

"आले," रेणुकाबाई म्हणाल्या आणि पुढं काही बोलल्या नाहीत.

पलीकडं चहाचा ग्लास ठेवल्याचा आवाज आला. मग तो "बरं" म्हणाला, आणि कोण आलं ते त्यानं विचारलं नाही.