सगुण भावोजींचं मत

खाडीपलीकडच्या किरणपाणीहून सकाळची पहिली होडी आली ती रिकामीच. तिच्यात एकटा नावाडी होता. तो धक्क्यावर न थांबता थेट आमच्या अंगणात आला आणि म्हणाला, “मास्तरानु, तुमचे भावजी गेले.” मी दात घासत होतो. पहिला शब्द तोंडातून आला तो “कोणते?” माणूस किती मूर्ख असतो पाहा... मला एकच बहीण, आणि एकच भावोजी. तेराव्यालाही माझ्या तोंडून धड काही निघालं नव्हतं, म्हणून आज दीड महिन्याने लिहायला बसलो आहे.

सगुण भावोजी खाडीपलीकडच्या पेडणे महालातल्या पालये गावचे. घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं शिंप्याचं दुकान होतं. मी खाडीच्या अलीकडे, आरोंद्याला शाळेत इतिहास शिकवतो. मधे तेरेखोलची खाडी. होडीने पंधरा मिनिटं लागत, पण लग्न होऊन आक्का तिकडे गेली तेव्हा ती दुसऱ्या देशात, पोर्तुगिजांच्या गोव्यात गेली होती. आमची आई तर “आमचा चेडू परदेशात दिलेला” असं मोठ्या तोऱ्यात सांगायची. पुढे पंचावन्न साली सरहद्द बंद झाली, तेव्हा तो तोरा कुठल्या कुठे गेला. त्या वर्षी भाऊबीजेला मी या काठावर उभा, आणि पलीकडच्या काठावर भावोजी आक्काला घेऊन आलेले. पोर्तुगीज शिपायाशी काय बोलले कोण जाणे, पण त्याने दहा मिनिटं पाठ फिरवली. आक्काने तिथूनच निरांजन ओवाळलं. मला ज्योत दिसली नाही, हात फिरताना तेवढा दिसला. मी ओवाळणीचा रुपया परत खिशात टाकला आणि घरी येऊन खूप रडलो. ही तऱ्हा गोवा सुटेपर्यंत चालली. आक्काचा धाकटा मुलगा मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो चांगला चार वर्षांचा होता आणि मला बघून पळत सुटला.

होडी सुरू झाली तशी माझी दर रविवारची फेरीही सुरू झाली. खरं सांगायचं तर बहिणीपेक्षा भावोजींकडे. त्यांच्यासारखा वाद घालायला माणूस आमच्या गावात नव्हता. म्हणजे वाद मी घालायचा, ते मशीन चालवायचे. तोंडात टाचण्या धरलेल्या असायच्या, त्यामुळे माझं म्हणणं पुरं होईपर्यंत त्यांना बोलताच येत नसे. टाचण्या काढल्या की समजावं, आता आपली धडगत नाही. गोवा महाराष्ट्रात यावा हा त्या वेळी माझा ध्यास होता. मी इतिहासातलं सगळं भांडार रितं करायचो. एकदा म्हटलं, पेडणे महाल मूळचा सावंतवाडीचाच, मग प्रश्न उरतो कुठे? भावोजींनी टाचण्या काढल्या. म्हणाले, “दोनशे वर्सांआदी पेडणा वाडीकरांचा होता, म्हणान आजय त्येंचाच? मगे तुझी पणजी वेंगुर्ल्याची. उद्यापासून तू थंय ऱ्हवाक जा.” दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मला राग आला, पण पुढच्या रविवारी मी पुन्हा हजर. आक्का आतल्या खोलीतून चहा आणून ठेवायची, आमचं ऐकत घटकाभर चौकटीत उभी राहायची आणि आत जायची.

मग जनमत कौल आला. महाराष्ट्रात सामील व्हायचं असेल तर फुलावर शिक्का, वेगळं राहायचं असेल तर दोन पानांवर. खाडीपलीकडे घरंच्या घरं फुटली. सख्खे भाऊ एका विहिरीवर पाणी भरेनासे झाले, सोयरिकी मोडल्या. भावोजींच्या दुकानात मात्र दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाकावर बसत, कारण दोघांनाही कापडी फलक त्यांच्याकडूनच शिवून हवे असत. मी विचारलं, “भावोजी, तुमी कोणाचे?” ते म्हणाले, “झेंडे शिवणा माझा काम, धरणा तुमचा.” मला हे उत्तर पळपुटं वाटलं. निकाल लागला, फूल हरलं आणि माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात मी पालयेला गेलो. घराच्या ओटीवर दोन पानांचा एक फलक घडी करून ठेवलेला. शिवून उरलेला नव्हता, काठीला लावून मिरवलेला होता. मातीचे डाग होते त्याच्यावर. मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, लाज वाटते. एवढंच सांगतो की ‘घरभेदी’ हा शब्द मी माझ्या बहिणीच्या उंबऱ्यावर उभा राहून तिच्या नवऱ्याला उद्देशून वापरला. भावोजींनी एकदा आक्काकडे पाहिलं आणि मला म्हणाले, “मत पेटयेत घालूचा असता, मेवण्याच्या कानात नाय.” बस्, तेवढंच. मी पाणीही न पिता निघालो, ते परत गेलो नाही.

शिमगा गेला, चतुर्थी गेली. दिवाळी आली आणि भाऊबीजेच्या सकाळी मी घरातच बसून राहिलो. ज्या खाडीने पोर्तुगिजांच्या पहाऱ्यात आम्हाला अडवलं, ती आता उघडी होती आणि मीच तिच्यावर पहारा बसवला होता. दहाच्या सुमारास अंगणात आक्का उभी. हातात ताट. “तू येणस नाय म्हणान मी इलंय,” म्हणाली. तिच्या मागे कोणी नव्हतं. “भावोजी?” तर म्हणे होडीत बसलेत. धक्क्यावर जाऊन बघतो तर खरंच. कोरं धोतर नेसून, छत्री उघडून भावोजी होडीत बसलेले.

“घरात येवा,” मी म्हटलं.

“कोणी बोलावल्यान?”

“मी बोलवतंय.”

“मास्तर म्हणान की मेवणो म्हणान?”

मीही हट्टी. तासभर धक्क्यावर येरझाऱ्या घालत राहिलो. शेवटी म्हटलं, “मेवणो म्हणान.” पण आमच्या या मानपानात सुकती लागली होती. पाणी ओसरलं आणि होडी धक्क्यापासून वीस हात लांब चिखलात बसली. भावोजींनी खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, “आता कसो येव रे? तुझ्या राजकारणाच्या पायी पाणी गेला!” मी वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि गुडघाभर चिखलातून त्यांना आणायला गेलो. एकमेकांना सावरता सावरता दोघेही पडलो. आक्काने त्या दिवशी ओवाळताना हसून हसून तीन वेळा निरांजन विझवलं. भावोजींना माझा सदरा घातला, तर आरशासमोर उभे राहून म्हणतात, “ह्यो कोणी शिवलो? खांदो पुरो चुकलेलो आसा.” संध्याकाळी भरती येईपर्यंत आम्ही बोलत बसलो. कौलाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पुढे शेवटपर्यंत नाही. मी त्यांना माफ केलं, अशी माझी समजूत होती.

गेल्या रविवारी आक्काकडे गेलो. ती भावोजींच्या मशीनला तेल घालत होती. बोलता बोलता मी म्हणालो, भावोजींनी दोन पानांना मत दिलं तरी माझ्या मनात काही उरलं नव्हतं. तिने तेलाची बुधली खाली ठेवली.

“तेंनी फुलार शिक्को मारल्यानी. तुझा आयकान आयकान. दोन पानां माझी. तो फलक घेवन मी गेललंय, पाच बायका मिळान.”

मी उगाचच बुधलीचं बूच लावलं. ती सांगतच राहिली.

“मी तुका तेवाच सांगी होतंय. तेंनी सांगूक दिल्यानी नाय. म्हणाले, तो माझ्यार रागावलो तर वर्सभरान येतलो. तुझ्यार रागावलो तर तुझा म्हायार तुटतला. रागावांदे माझ्यार.”

माझ्याच मताला मत देणाऱ्या माणसाला मी घरभेदी म्हटलं होतं, आणि तो माणूस ते ऐकून घेऊन वर मला भेटायला चिखलात उतरला होता. मी तिथे लहान मुलासारखा रडलो. आक्का रडली नाही. तिचं रडून झालं होतं. हे सगळं तिला विचारूनच लिहितो आहे. ती म्हणाली, “लिव. चोरी केलंय नाय मी.”

मग इतक्या वर्षांत प्रथमच मी तिला विचारलं, “दोन पानां कित्याक गो, आक्का?”

“आरोंद्यातली धा घरां घे. धाय घरांतले बापये मुंबयक. आवशी हंय, झील थंय. माका वाटला, आमचो कारभार आमच्याकडे ऱ्हवलो तर माझे झील तरी माझ्याकडे ऱ्हवतले.”

मुलगे घरी राहावेत म्हणून दिलेल्या या मतावर माझ्याकडे उत्तर होतं. चांगलं मुद्देसूद, तीन पोटकलमांचं. जिभेवर आलंसुद्धा होतं, ते गिळलं.

“आनि सांग,” मी म्हटलं.