इडिओपॅथिक म्हणजे

ह्यांच्या फुप्फुसाचा आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी एक इंग्रजी शब्द सांगितला, इडिओपॅथिक. मला वाटलं, नाव सापडलं म्हणजे औषधही सापडेल. धुरामुळे झालं का, एवढंच मला विचारायचं होतं. पण तोंड उघडलं नाही. चौथी शिकलेली मी, मोठ्या डॉक्टरांपुढे काय बोलणार.

साक्रीकडच्या गावात होतो तोवर माझा स्वयंपाक चुलीवर असायचा आणि थंडीत हे चुलीपाशीच बसायचे. शहरात, मेहरूणला आल्यावर गॅस घेतला, पण खोकला गावाहूनच सोबत आला होता.

दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी सासूबाईंनी मीठ-मिरच्या ह्यांच्यावरून उतरवून तव्यावर टाकल्या. नजर लागलेली असली तर मिरच्या जळूनही ठसका येत नाही, असं आमच्यात मानतात. ठसका तर असा उठला की हे भिंत धरून खाली बसले. ओठ निळे पडले.

"ठसका लागना ना? मंग नजर नही शे," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तुना चुलाना धूर शे हाऊ."

भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या हेच सांगू लागल्या. मी आत चहा गाळत ऐकायची.

शेवटी कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तो शब्द विचारला. तिने मोबाइलवर शोधलं.

"ग्रीक भाषेतून आलाय, आई. इडिओस म्हणजे स्वतःचं, पॅथोस म्हणजे दुखणं. ज्याचं कारण सापडत नाही, आपलं आपणच झालेलं."

"मग धूर नाही?"

"धूर सापडला असता तर डॉक्टर हा शब्द बोललेच नसते."

"आणि औषध?"

तिने मोबाइल पालथा ठेवला आणि ह्यांना पाणी द्यायला उठली.

सासूबाईंच्या कानावर घातलं तर त्या उसळल्या. "सोतानं? मना पोऱ्यानी काय मांगी लिधं का ते?"

"बाजारमा सस्तं भेटनं माय, लई उनू," हे खाटेवरून म्हणाले, जणू दुखणं स्वस्तात विकत घेऊन आले होते. हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. सासूबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या.

धूर नसावा म्हणून मी किती दिवस मनातल्या मनात विनवण्या केल्या. आता वाटतं, धूरच असता तर बरं झालं असतं. सगळा दोष माझ्या माथी आला असता, येऊ दे. गावी जाऊन ती चूल मी माझ्या हाताने फोडली असती. आता काय फोडू? ह्यांची पाठ चोळत बसते. खोकला थांबत नाही.