मोतीरामची दुसरी नळी

मसाला घालण्यापूर्वी मोतीराम दोन डाव भाजी वाटीत वेगळी काढून ठेवीत असे. कारण विचारले तर म्हणे, "काकाजी, भाजी बिघडली तं कायनं बिघडली, हे सांगाले साक्षीदार नोको का?"

आंबागडच्या बौद्ध शेतमजुराचा हा मुलगा वरठीला माझ्या शेजारी राहत असे आणि नागपूरच्या एका रुग्णालयात प्रयोगशाळा-तंत्रज्ञ होता. मी न्यायालयातून निवृत्त झालेला पेशकार.

ऐंशीच्या दशकात त्या रुग्णालयात हृदयशस्त्रक्रियेत एक प्रयोग सुरू झाला. हृदयाला इजा कमी व्हावी म्हणून, शस्त्रक्रियेपुरते हृदय थांबवणाऱ्या थंड द्रावणात लिग्नोकेन मिसळायचे. दात काढताना हिरडी बधिर करणारे तेच औषध. हृदयाच्या स्नायूला इजा झाली, की त्यातले एक एन्झाइम रक्तात उतरते. ते मोजणे मोतीरामचे काम. औषध दिलेल्या रुग्णांचे आकडे फार कमी आले. यावर प्रयोगशाळेच्या विभागप्रमुखांनी काय करावे? कारणे दाखवा नोटीस! म्हणे, रक्ताचे नमुने बर्फावर न ठेवल्याने एन्झाइम नष्ट झाले. सेवा समाप्त का करू नये?

चौकशीपूर्वीच निष्कर्ष! मी संतापाने अकरा पृष्ठांचे उत्तर लिहिले. ते वाचून मोतीराम म्हणाला, "कागद लय जबर हाय, काकाजी. पण साहेबाले मशीन समजते, कलम नाही."

"अरे, तुझी नोकरी चालली आहे!"

"नोकरी दुसरी भेटन. पण माहे आकडे खोटे ठरले तं ते औषध बंद होईन ना!"

प्रयोगशाळेतच झालेल्या सुनावणीला त्याच्या बाजूने मी हजर होतो. मोतीरामने दाखवून दिले, की औषध न दिलेल्या रुग्णांचे नमुनेही त्याच बर्फात होते आणि त्यांचे आकडे चढेच होते.

"मग औषधामुळे नळीतच एन्झाइम दबलं असेल," प्रमुख म्हणाले.

"मलेबी तोच शक होता, साहेब." चढ्या आकड्याचा एक नमुना त्याने त्यांच्यासमोर दोन नळ्यांत वाटला. आमच्याकडे पाठ करून एकीत किंचित लिग्नोकेन घातले, दुसरीत तेवढेच मिठाचे पाणी. "कोणत्यात काय हाय, मी सांगत नाही. तुम्हीच मोजा."

प्रमुखांनी मोजले. आकडे सारखेच. पुन्हा मोजले. तरी सारखेच!

"नळीत काही दबलं नाही, साहेब. रोग्याचं हृदयच कमी दुखावलं."

प्रमुखांनी दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून सही केली. ती चिठ्ठी मी माझ्या उत्तरास परिशिष्ट म्हणून जोडली.

आठवड्याने नोटीस रद्द झाल्याचा आदेश आला. त्यात आधार केवळ चिठ्ठीचा. माझ्या अकरा पृष्ठांतील एका अक्षराचाही उल्लेख नाही. मी कडाडलो, "आणि दिलगिरीचा शब्द कुठे आहे? आजच पत्र धाडतो!"

मोतीराम नागपूरची गाडी गाठण्यासाठी सायकलवर बसत होता. "काकाजी, आज दोन ऑपरेशनं हायेत. दोन्हीत लिग्नोकेन टाकून राहिले. आता आणखी कोणता शब्द पायजे?"