रिकाम्या कॅमेऱ्याची पदविका

प्रेमिला बोरकुटेचं कोणाशी पटत नसे, आणि पटावं अशी तिची फारशी इच्छाही नव्हती. नागपूरच्या महाल भागात ज्या खोलीत ती भाड्यानं राहायची, तिथली घरमालकीण तुळसाबाई तिला तोंडावर ‘भिवापुरी मिरची’ म्हणे. पाठीमागे काय म्हणे ते वेगळं. बी.ए. झालेली, बाविशी ओलांडलेली, लग्नाचं नाव नाही. आणि शिकते काय, तर सिनेमा. गल्लीतल्या बायांना एवढं पुरेसं होतं. नळावर प्रेमिला बादली घेऊन आली की एखादी हमखास विचारी, “काय वं, हिरोईन कधी होतं?” प्रेमिला बादली दाणकन आपटून म्हणे, “तुमची जागा खाली झाली का होतो.”

बाप चंद्रभान कन्हानच्या पलीकडचा. घरी कापूस, तूर, दोन बैलजोड्या. पोरगी बी.ए. झाली तेव्हा त्यानं गावात पेढे वाटले होते, कारण त्याच्या लेखी आता सगळं ठरलेलं होतं.

“बी.एड. कर आन् मास्तरीन हो. नाही तं बँकेची परीक्षा दे,” तो म्हणाला होता. “बी.ए. वाल्यापाशी हे दोनच रस्ते असते. तिसरा नवऱ्याच्या घरचा.”

“म्या चौथा पाह्यला.”

“कोनता?”

“कालेजात पिक्चर काढाचं शिकवते. एक वर्साचं हाये. कॅमेरा.”

चंद्रभान वैतागला. “फोटो काढाले कालेजात कायले जा लागते वं? बर्डीवर फोटोवाला तं दोन मिंटात काढून देते.”

भांडण चार दिवस चाललं. मायनं मधे पडायचा प्रयत्न केला तर तिलाच दोघांनी धारेवर धरलं. शेवटी चंद्रभान उठला, पागोट्याचा सोगा झटकला आणि म्हणाला, “एक वर्स. त्यात या कॅमेऱ्याची नौकरी लागली तं तू जिंकली. नाही लागली तं गावाले यायचं आन् म्या सांगन त्या घरी नांदायचं. मंग तोंड उघडलं तं पाह्यजो.”

“पाह्यतो,” प्रेमिला म्हणाली.

तो अभ्यासक्रम म्हणजे प्राध्यापक वामनराव टेंभेकरांचं लाडकं बाळ. वामनराव मूळचे इंग्रजीचे. गोरे, सडपातळ, बोलताना डोळे मिटायची सवय. कन्हानच्या एका खाणीचा गोरा साहेब देश सोडताना किल्ली देऊन चालवायचा एक सिनेमाचा कॅमेरा टाकून गेला होता, तो त्यांनी कुठूनसा मिळवला आणि त्याच्या जोरावर ‘चित्रपटनिर्मिती पदविका’ सुरू केली. बारा विद्यार्थी. त्यात अकरा पोट्टे आणि एकटी प्रेमिला.

कॅमेरा होता, त्यात घालायला फिल्म नव्हती. फिल्म महाग, मुंबईहून मागवावी लागे, कॉलेज पैसे देत नसे. म्हणून वामनरावांनी एक पद्धत काढली होती. विद्यार्थ्यानं किल्ली द्यायची, रिकामा कॅमेरा डोळ्याला लावायचा, खटका दाबायचा. कॅमेरा घरघरे. वामनराव डोळे मिटून ती घरघर ऐकत आणि योग्य वेळी म्हणत, “कट्. छान. सात मार्क.” मग झाकण उघडून आतली चाकं दाखवत. दिवसातून दहा वेळा उघडत. या पद्धतीनं चार तुकड्या पदविका घेऊन बाहेर पडल्या होत्या. एक पोस्टात चिकटला होता, दोघं शाळेत मास्तर, एक सासऱ्याच्या रॉकेलच्या दुकानात. बाकीच्यांचा पत्ता वामनरावांनाही नव्हता.

पावसाळा सरता सरता सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी प्रसिद्धीच्या ऑफिसात सहायक कॅमेरामनची जागा निघाली. अट एकच : स्वतः काढलेली फिल्म दाखवावी लागेल.

प्रेमिला वामनरावांपुढे जाऊन उभी राहिली. “सर, एक रोल पाह्यजे. खरा.”

“तुमच्याआधी चार बॅचेस गेल्या. कोणी मागितला नाही.”

“म्हणून तं एक रॉकेल मोजून राह्यला.”

वामनरावांनी डोळे उघडले. “तुम्ही फार उद्धट आहात.”

“होय सर. रोल?”

रोल आला, पण त्याचं कारण प्रेमिला नव्हती. गांधीबागेतले कापडाचे ठोक व्यापारी गिरिधरशेठ कॉलेजच्या मंडळावर होते. त्यांना आपल्या नावानं काहीतरी करायचं होतं. वामनरावांनी रोल सुचवला. ठरलं की खांडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा करायची, शेठनी नारळ फोडायचा आणि त्यांच्या देखत पहिलं खरं शूटिंग व्हायचं.

अंगणात टेबल मांडलं. कॅमेऱ्याला झेंडूची माळ. रोल प्रेमिलानं आदल्या संध्याकाळी सामानाच्या खोलीत, दार-खिडक्या चादरींनी झाकून, स्वतःच्या हातानं भरला होता. पोट्ट्यांपैकी कोणाची हिंमत झाली नव्हती. आता कोणी हळदकुंकवाची बोटं काचेकडे नेली की ती हात झटकून टाकी. “काचेले नाही. बाजूले लावा, बाजूले!”

शेठनी नारळ फोडला, कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “माल कुठाय?”

“आत भरला आहे,” वामनराव म्हणाले.

“आत तर मी मेलो तरी दिसणार नाही. आमच्या धंद्यात कापडाचं थान उघडून दाखवते गा सर. न पाहता कोणी घेते का?”

पोट्टे हसले. वामनरावही हसले. आणि हसता हसता त्यांचा हात झाकणाकडे गेला. पाच वर्षं दिवसातून दहा वेळा जाणारा हात.

“सर, उघडू नका!” प्रेमिला ओरडली.

“प्रेमिला! पाहुण्यांसमोर?”

झाकण उघडलं. दुपारचं ऊन सरळ आत. शेठनी फिल्मचं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळलं, मग ओढलं. हातभर ओढलं, दोन हात ओढलं, कोपरापासून बोटांपर्यंत मापत मापत गळ्यात घेतलं आणि सूर्यासमोर धरलं. “माल नरम आहे,” ते म्हणाले. “चमक कमी आहे. पण चालते.”

प्रेमिलानं झेप घेऊन फिल्म त्यांच्या हातातून हिसकावली. “सोडा! मारली तुम्ही!”

“हे कोण बाई?” शेठनी विचारलं.

वामनराव पांढरे पडले होते. चूक त्यांच्या ध्यानात आली होती. ते तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. पण ते म्हणाले, “विद्यार्थिनी आहे आमची. जरा खेड्यातली आहे, मनावर घेऊ नका.”

मग त्यांनी तिच्या हातातून ती फिल्म घेतली, गुंडाळून परत आत बसवली, झाकण लावलं आणि मोठ्यानं म्हणाले, “चला, शूटिंग!” एका पोट्ट्यानं शेठना हार घातला, दुसऱ्यानं खटका दाबला, कॅमेरा घरघरला. शेठनी टाळ्या वाजवल्या. वामनराव सवयीनं म्हणाले, “कट्. छान.”

मुंबईहून ती फिल्म धुऊन आली तेव्हा तिच्यावर काही नव्हतं. वामनरावांनी वर्गात सांगितलं, “प्रेमिलानं रोल भरताना उजेड जाऊ दिला. असो. मुलींना यंत्राची सवय नसते.”

अकरा पोट्टे खाली पाहत बसले. एकानंही तोंड उघडलं नाही. प्रेमिलानं एकेकाकडे पाहून घेतलं, आणि त्या दिवसापासून त्या अकरा जणांपैकी एकाशीही ती कधी बोलली नाही. तास संपल्यावर ती वामनरावांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत शिरली.

“झाकण कोणं उघडलं सर?”

“मला आठवत नाही.”

“मले आठवते. म्या खेड्यातली हाओ, आंधळी नाही.”

“तुमच्या पदविकेवर माझी सही होते, हे विसरू नका.”

“सहीचं मले काय कराचं? रिकाम्या कॅमेऱ्याची पदविका दाखवून तुमच्या पोट्ट्यायले काय भेटलं ते सारा महाल पाहून राह्यला.” तिनं दार लावून घेतलं. “मले आठ दिवस कॅमेरा पाह्यजे. नाही तं म्या शेठकडे जातो आन् त्यायच्या रोलचं काय झालं ते सांगतो.”

वामनरावांनी कपाटाची किल्ली टेबलावर फेकली. देताना काय बोलले ते तिनं ऐकून घेतलं नाही.

तरी ती शेठकडे गेलीच. रोल हवा होता. गांधीबागेतल्या त्या दुकानात पांढऱ्या गादीवर शेठ रेलून बसले होते. तिला पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“रोल खराब निघाला म्हणते. पण माल तर मी खुद्द हातानं पाहिला होता.”

“हातानं पाह्यला म्हणूनच मेला. फिल्म म्हणजे लुगडं नोहे शेठ. उजेड दिसला का संपली.”

गादीवरच्या मुनिमांनी वह्यांतून माना वर केल्या. शेठचा चेहरा लाल. “म्हणजे माझी चूक?”

“अर्धी तुमची. अर्धी सरची. भोगून मी राह्यली.”

शेठला कोणी असं बोलत नसे. ते किती तरी वेळ तिला बोलले. बाईच्या जातीनं कसं राहावं, मोठ्यांशी कसं बोलावं, सगळं. ती उभीच. शेवटी दमून ते म्हणाले, “दुसरा रोल देतो. पण शूटिंग माझ्या दुकानाचं. माझं. आणि फिल्म माझी.”

“फिल्म तुमची. पहिले मी इंटरव्ह्यूत दाखवन.”

रोल आला त्या दिवशी शेठ बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घालून दारात उभे राहिले. मान ताठ, हात मांडीला चिकटलेले, जणू कोणी सुतळीनं बांधून ठेवलेत. प्रेमिलानं कॅमेरा डोळ्याला लावला, थोडा वेळ धरला आणि खटका न दाबता खाली घेतला. “झालं तुमचं.”

“झालं? वा!” शेठनी कोट काढला आणि गादीवर बसले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, सावनेरकडचं, पक्कं चिवट. भावावरून दोघं जुंपले. शेठनी थान फडकन उघडलं, गिऱ्हाइकाच्या मांडीवर टाकलं, परत ओढलं, छाती पिटली, हात जोडले, “जाय बाप्पा, दुसरीकडे जाय” म्हणून दाराकडे बोट दाखवलं आणि गिऱ्हाईक उठताच त्याची बाही धरली. प्रेमिला कोपऱ्यातल्या गाठोड्यांमागे बसून खटका दाबत होती. रोल संपेपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही.

इंटरव्ह्यू होळीनंतर झाला. वर्ष सरत आलं होतं. तिघं साहेब. मुंबईहून धुऊन आलेली फिल्म यंत्रानं भिंतीवर लावली. आवाज नव्हता, तरी शेठनी बाही धरली तेव्हा तिघंही खो खो हसले. मधल्या साहेबानं दिवा लावायला सांगून विचारलं, “हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

“कोणी नाही.”

“काम चांगलं आहे.” मग तो खुर्चीत सरकला. “पण असं आहे बाई, ही जीपची नोकरी. खेडोपाडी मुक्काम. पुरुषमाणसांबरोबर.”

“म्या खेड्यातलीच हाओ. खेडं मले खात नाही.”

“प्रश्न तुमचा नाही. जबाबदारी आमच्यावर येते.”

“जाहिरातीत लिवलं असतं तं मी आली नसती.”

“वाद घालू नका.” साहेबानं अर्ज चाळला. “टायपिंग झालंय तुमचं. टायपिस्टची जागा आहे इथंच. बी.ए. आहात, लगेच घेऊ. पंख्याखाली बसायचं काम. तुमच्यासारख्या मुलीला आणखी काय पाहिजे?”

“पंख्याखाली तुम्ही बसा,” प्रेमिला म्हणाली आणि यंत्रावरची फिल्म स्वतःच काढून पिशवीत टाकली.

बाहेर कडुनिंबाखाली चंद्रभान बसला होता. इंटरव्ह्यूचा दिवस त्यानं पाठ करून ठेवला होता. “लागली?”

“टायपिस्टची देत होते.”

“मंग?”

“नाही घेतली.”

चंद्रभान उभा राहिला. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून पाहू लागली इतक्या मोठ्यानं तो ओरडला. सरकारी नौकरी, पंख्याखालची, आणि हिनं लाथाडली! शेवटी म्हणाला, “बोली झाली होती. शनवारी येतो. सामान बांधून ठेवजो.”

तिनं पिशवी काखेत मारली. बोली तिनंच मान्य केली होती. त्यातून सुटायला तिच्यापाशी जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती शेठची फिल्म परत द्यायला गेली. शेठनी कॉलेजचं फिल्म दाखवायचं यंत्र मागवून ती दुकानातच भिंतीला टांगलेल्या धोतराच्या पानावर लावून पाहिली आणि संतापले. “मी कोट घातला होता! कोटातला मी कुठंय?”

“कोटातले तुम्ही मुडद्यासारखे दिसत होते.”

पण दारात गर्दी झाली होती. शेजारचे व्यापारी, हमाल, गिऱ्हाइकं. “अजून एकदा लावा शेठ!” त्या दिवशी ती फिल्म किती वेळा लागली याचा हिशेब राहिला नाही. संध्याकाळी शेठ तिला म्हणाले, आणि म्हणताना तिच्याकडे पाहिलं नाही, “टाकीजमध्ये मध्यंतरात दाखवता येते का? दुकानाच्या पाटीसकट नवी काढावी लागेल. वामनरावांकडून कॅमेरा मी मागवतो. तुले महिन्याचा पगार बांधून देतो. बाजूचे तिघं दुकानदारही मागून राह्यले.”

“काढतो. पन म्या सांगन तसं उभं राहा लागन. कोट नाही.”

“बाईच्या हुकमानं?”

“दुसरा कॅमेरावाला पाह्या मंग.”

नागपुरात तेव्हा त्या कामाचा दुसरा कोणी शेठच्या माहितीत नव्हता.

शनिवारी चंद्रभान महालात आला. खोलीला कुलूप. तुळसाबाई ओट्यावरून म्हणाली, “तुमची मिरची गांधीबागेत हाये. साऱ्या बजारात तमाशा लावून राह्यली.” तो तसाच तरातरा निघाला. गांधीबागेत एका दुकानासमोर रस्ता अडेल इतकी गर्दी होती. ती कोपरानं बाजूला सारत तो पुढं घुसला. मधोमध कॅमेऱ्यामागे वाकलेली त्याची पोरगी, आणि पाटीखाली नुसत्या सदऱ्यात, घामाघूम, हातात थान धरून उभा ठोक कापडाचा व्यापारी.

“मान वर शेठ. अजून वर. हसू नका, म्या हसाले नाही सांगतलं.”

शेठनी मान वर केली.

“प्रेमिला!” चंद्रभान ओरडला. “चाल!”

तिनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला नाही. “बाजूले व्हा बा,” ती म्हणाली. “उजेड अडवून राह्यले तुम्ही.”

चंद्रभाननं एकदा शेठकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे. मग तो दोन पावलं बाजूला सरकला.