शेततळ्याचा कागद

राहात्याच्या बाजूला आमची पेरूची बाग आहे. बागेच्या एका अंगाला सासऱ्यांच्या तरुणपणी बांधलेली विहीर आणि दुसऱ्या अंगाला आम्ही अलीकडे खोदलेलं शेततळं. पाणी जिरू नये म्हणून शेततळ्यात तळापासून काठापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद अंथरलाय. मला स्वतःला पोहता येत नाही. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत घरात माझं मत कोणी विचारत नसे.

सासरे, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, पट्टीचे पोहणारे. वस्तीवरची निम्मी पोरं त्यांनीच विहिरीत ढकलून तयार केली. माझी मुलगी दुसरीत जायची होती, त्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला आणि तिला पाण्यात उतरवलं. मी वर कठडा धरून उभी. शेजारी नवरा, "पाय मार, पाय मार" करत उंटावरून शेळ्या हाकत होता. सुरुवातीला पोरगी नुसती किंचाळायची. मग एका सकाळी आबांनी कॅन सोडला आणि ती आपली आपण पायरीपर्यंत आली. मला इतका आनंद झाला की मी तिथंच रडले, आणि सगळ्यांनी बघितलं म्हणून मग सगळ्यांवर चिडले.

"माशाच्या पिल्लाला पवायला शिकवावं लागत न्हाई," असं सांगत आबा वस्तीभर हिंडले. मग इतके दिवस पाण्यात उभं राहून ओरडत कोण होतं, हे मी काही विचारलं नाही. विचारलं ते शेततळ्याच्या कुंपणाचं. जाळी आणायची कधीची राहिली होती.

"आता कशाला कुंपन?" आबा म्हणाले. "पोरीला पवता येतंय की. एवढ्या विहिरीला भ्याली न्हाई, ह्या डबक्याचं काय घेऊन बसलीस?"

नवऱ्यानंही मान डोलावली. आमच्याकडे समजूतच अशी, की विहिरीत शिकला तो कुठंही तरला. कुंपण होईपर्यंत पोरगी त्या बाजूला फिरकणार नाही, असं मी बजावलं. आवाज जरा चढलाच माझा. आबा मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी मी बागेत ठिबकच्या नळ्या बघत होते. तेवढ्यात हाक आली. आबा नातीला घेऊन शेततळ्याच्या भरावावर उभे होते. "बघ, उगा भेतीस," असं म्हणून त्यांनी तिला काठावर बसवलं आणि स्वतः सूर मारला. मी तणतणत तिकडे निघाले.

मी पोचले तेव्हा ते एक फेरी मारून काठाला आले होते. कागदावर पाय ठेवला, तो घसरला. हसले. परत ठेवला, परत घसरला. पाण्याखाली कागदावर शेवाळ धरलेलं. विहिरीला पायऱ्या असतात, दगडांच्या खोबणी असतात. इथं बोट अडकवायलाही काही नव्हतं. मग त्यांचं हसू थांबलं. पोरगी आधी टाळ्या वाजवत होती, तिला तो खेळ वाटला. पण त्यांना धाप लागलेली बघून ती उठली.

"आबा, हात द्या," म्हणत ती उतारावरून खाली निघाली.

मी तिचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. तिला पेरूच्या झाडाखाली बसवलं, आणि माझा आवाज ऐकून ती बसलीही. पाण्याच्या मोटारीपाशी दोर पडला होता. त्याचं एक टोक झाडाच्या बुंध्याला बांधून दुसरं आबांकडे फेकलं. दोराला धरून ते हळूहळू वर आले आणि भरावावर बसून राहिले. त्यांना सुनावायला माझ्याकडे खूप होतं, पण मी आधी पोरीला जवळ घेतलं.

नवरा आला, सगळं ऐकलं आणि चहाही न घेता जाळी आणायला गेला. आबांनी नातीला जवळ बोलावलं.

"अजून एक शिकायचं ऱ्हायलंय. तळ्यात कुनी पडलं तर काय करायचं?"

"उडी मारून काढायचं."

"न्हाई. काठाला जायचंच न्हाई. पळायचं, वरडायचं, मोठ्या मानसाला बोलवायचं."

"मला पवता येतंय तरी?"

"तरी."

"आन तुमी पडले तर?"

"तरी न्हाई. मी हाका मारल्या तरी न्हाई यायचं. म्हन, न्हाई येनार."

ती म्हणेना. त्यांनी परत सांगितलं. तिनं त्यांच्या ओल्या पोटाला मिठी मारली, तरी ते ऐकेनात. "म्हन," ते म्हणत राहिले, आणि शेवटी हुंदके देत तिनं म्हटलं, "न्हाई येनार, आबा."