जहाजाचं नसलेलं लाकूड

कोणी पबातल्या तुळईकडे बघून "जहाजाचं लाकूड का हो?" असं विचारलं, की पबचा मालक बियरचा नळ सोडून यायचा आणि त्या माणसाला हाताला धरून खांबापाशी न्यायचा. "आधी बोट फिरवा, मग बोला." ओकच्या लाकडाच्या सांध्यावर पटाशीने कोरलेले रोमन आकडे बोटाला लागायचे. शेकडो वर्षांपूर्वी गावातल्या सुतारांनी इमारतीची चौकट आधी जमिनीवर जुळवली, कुठला तुकडा कुठे ते कळावं म्हणून आकडे घातले, सुटी केली आणि मग उभी केली. "समुद्र कुठे, आपण कुठे! ओक त्या समोरच्या टेकडीवरचे."

तुम्ही इंग्लंडात राहिला असाल, तर काळ्या लाकडांचा, पांढऱ्या भिंतींचा असा एखादा पब पाहिला असेल. मोडीत काढलेल्या जहाजाच्या लाकडातून तो बांधल्याची गोष्टही ऐकली असेल. ती बऱ्याच ठिकाणी ऐकवतात.

बर्मिंगहॅमजवळच्या त्या खेड्यात मी डॉक्टर होतो. पबचा हा मालक कित्येक वर्षं इमारतीचा इतिहास गोळा करत होता, पण लिहायला बसला की त्याची अक्षरं उलटसुलट व्हायची. म्हणून दोन हजार सालानंतर, निवृत्त झाल्यावर, पुस्तिका मी लिहायला घेतली. बुधवारी दुपारी तो सांगायचा, मी टिपून घ्यायचो. मी शाकाहारी, म्हणून बशी पुढे ठेवताना म्हणायचा, "डॉक्टर, तुमच्या चिप्सचं तेल वेगळं. बेकन जवळूनही गेलेलं नाही."

आणि शेवटी पुस्तिकेत मी जहाज घातलं.

बायको म्हणाली होती, "अहो, ते सांगतात तेच लिहा ना. आयुष्य घातलंय त्यांनी त्यात."

"सुतारांचे आकडे कोण वाचणार? लोकांना काहीतरी रंजक लागतं."

छापलेलं पान त्याने ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचलं. "डॉक्टर, तुम्ही माझं ऐकत होतात ना?" एवढंच म्हणाला. पुढच्या आवृत्तीत बदलू, असं मी सांगितलं. बदललं नाही. पुस्तिका लोकांना आवडली होती.

त्यानंतर कोणी जहाजाचं विचारलं, की तो माझ्याकडे बोट दाखवायचा. "डॉक्टरांना विचारा, त्यांनी लिहिलंय." टोमणा नसायचा त्यात. असता तर बरं झालं असतं. आणि मी सांगायचो, हो, जहाजाचंच.

आज लिहून ठेवतो: त्या लाकडाने समुद्र पाहिलेला नाही. ते तो सांगायचा त्याच टेकडीवरचं, त्याच सुतारांनी घडवलेलं.

तो गेला तेव्हा चर्च भरलं होतं. पाद्रींनी माझी पुस्तिका उघडली आणि नेमका जहाजाचा परिच्छेद वाचला. "या गोष्टीवर त्याचं फार प्रेम होतं," म्हणाले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या बाकावरची दोन-चार माणसं वळून माझ्याकडे कौतुकाने हसली.

मी मान लववून त्यांचे आभार मानले.